माझ्यासाठी नाही, गल्लीसाठी

कॅनडात आल्यावर मला पहिली बोलणी बसली ती केळ्याच्या सालावरून. वरून हाक आली, "अवो पुणेकर, जरा वर या बापा!" मी हातातलं काम टाकून बेसमेंटच्या पायऱ्या धावत चढले, तर आमचे घरमालक किचनमध्ये ते साल दोन बोटांत धरून उभे. मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसे.

"हे निळ्या डब्यात कावून?"

म्हटलं, चुकून गेलं असेल.

"चुकून? अख्ख्या ट्रकचा कागद खराब होते याच्यानं. डबा आपला असला तरी ट्रक गल्लीचा आहे."

साल ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात गेलं आणि मी धुसफुसत खाली गेले. तेव्हाच सामान बांधायला हवं होतं, पण टोरांटोला खेटलेल्या, विमानतळाजवळच्या त्या उपनगरात इतकी बरी बेसमेंट दुसरी मिळाली नसती. शिवाय वरून फोडणीचा वास यायचा. मी राहिले, चांगली अडीच वर्षं राहिले.

घरमालक, म्हणजे काका, मूळचे नागपूरचे. इंजिनियर म्हणून आले तेव्हा, त्यांच्याच शब्दांत, इथली सगळी मराठी माणसं एका स्टेशन वॅगनमध्ये मावायची. पन्नासेक वर्षं इथे काढूनही त्यांचं 'करून राहिलो' आणि 'कावून' काही सुटलं नव्हतं. मी राहायला आले तेव्हा ते एकोणऐंशीचे होते आणि घरात एकटे. काकू वर्षभरापूर्वी केअर होममध्ये गेल्या होत्या. त्यांची स्मृती गेली होती. आधी इंग्रजी गेलं, मग माणसं गेली, आणि शेवटी एकच गोष्ट उरली होती: सकाळचं खाणं त्या फक्त काकांच्या हातून खायच्या. नर्सने चमचा पुढे केला की तोंड घट्ट मिटायचं. तिथला नाश्ता नऊला यायचा आणि साडेनऊला ट्रे परत जायचा. म्हणून काका रोज, म्हणजे अक्षरशः रोज, कोपऱ्यावरच्या स्टॉपवरून आठ दहाची बस पकडायचे. गाडी चालवायचं लायसन्स डोळ्यांमुळे गेलं होतं. स्टॉप घरापासून चाळीस पावलांवर. हे सगळं मला त्यांनी सांगितलेलं नाही हं. ते स्वतःबद्दल काही सांगतील तर शपथ. मला हे शेजारच्या पोर्तुगीज आजीने कुंपणावरून सांगितलं.

बसणं म्हणून या माणसाला ठाऊकच नव्हतं. माझ्या डोक्यावर त्यांचं किचन. सकाळी पाचपासून सात पावलं, वळण, परत सात पावलं. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, फोन तर चालत चालतच. पावलांवरून मला काकूंचा दिवस कळायला लागला होता. त्या नीट जेवल्या असल्या की पावलं दुपारी जरा सैल पडायची. नसल्या जेवल्या की सात-वळण-सात, सात-वळण-सात, माझं डोकं भणभणेपर्यंत. एकदा न राहवून वर जाऊन म्हटलं, "काका, जरा बसा ना!" तर म्हणाले, "बसलो की विचार येतात बापा." आणि पुन्हा चालायला लागले.

फ्रिजवर महापालिकेचं कॅलेंडर. कोणत्या आठवड्यात कचरा, कोणत्या आठवड्यात पानांच्या पिशव्या, झाडांची रोपं फुकट कधी, जुना रंग नि बॅटऱ्या नेऊन द्यायचा शनिवार कोणता, फायर स्टेशन बघायला कधी उघडं, बागेतली साफसफाई कधी. लोकांच्या फ्रिजवर नातवंडांचे फोटो असतात. यांच्या फ्रिजवर नातवंडं एका कोपऱ्यात, कचऱ्याच्या वेळापत्रकाला वाट करून देत उभी.

दुपारी दोनला, काकूंकडून परत आले की महापालिकेला फोन. "गुड आफ्टरनून. आय अ‍ॅम अ रेसिडेंट." कुणी 'मी डॉक्टर आहे' म्हणावं त्या थाटात! रेसिडेंट. रहिवासी. अमक्या घरासमोर खड्डा पडलाय, तमक्या दिव्याखाली अंधार आहे, बागेतल्या बाकाची एक पट्टी निघालीय. पलीकडची बाई तक्रारीचा नंबर द्यायची, त्याला काका 'टोकन' म्हणायचे आणि तो कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहायचे. दोन दिवसांनी जाऊन खड्डा बघून यायचे. आणि खरी गंमत पुढे. खड्डा बुजलेला दिसला की पुन्हा फोन!

"सो व्हॉट इज द प्रॉब्लेम, सर?" बाई विचारायची.

"नो प्रॉब्लेम. आय अ‍ॅम इन्फॉर्मिंग. व्हेरी गुड वर्क."

बिचारीकडे त्या प्रकारासाठी रकानाच नसणार.

माझाही जीव तेव्हा थाऱ्यावर नव्हता. पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज टाकून बसले होते आणि दिवसातून वीस वेळा ती वेबसाइट उघडून बघायची. काकांना ते कळलं. "कावून वाट पाहून राहिली एवढी?" म्हणाले. "देश सिटिझनचा असते. गल्ली रहिवाशाची. तू तं पहिल्याच बुधवारी डबा बाहेर ठेवला तेव्हाच झाली रहिवासी." आता हे काही इमिग्रेशनच्या नियमांत बसत नाही. पण त्या दिवशी मी वेबसाइट फक्त तीनदा उघडली.

त्यांच्या विक्षिप्तपणाचे किस्से सांगायला बसले तर संपायचे नाहीत. एक मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, तो ओपन हाऊसचा. आमच्या बागेत काय काय बांधायचं यावर लायब्ररीत महापालिकेचं ओपन हाऊस होतं. म्हणजे काय, तर स्टँडवर नकाशे लावून ठेवतात, लोक येऊन बघतात, गोल स्टिकर चिकटवून आपली पसंती सांगतात. काका सूट घालून आणि स्टीलचा डबा घेऊन निघाले. डब्यात शंकरपाळे. स्वतः तळलेले.

मी म्हटलं, "काका, हे काय?"

"हाऊस म्हणून राहिले ना ते? कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं असते का?"

"अहो, पण ते घर नाही! लायब्ररी आहे!"

"बोलावलं कोणी? त्यांनी. मग ते यजमान नाही तं काय?"

यजमान म्हणजे महापालिकेचा एक पंचविशीतला प्लॅनर. त्याने फार नम्रपणे सांगितलं की आम्हाला रहिवाशांकडून काही घेता येत नाही. काका म्हणाले, देत नाहीये, डबा इथे ठेवून राहिलोय, नजर तुझी तू सांभाळ. अर्ध्या तासाने त्या प्लॅनरच्या टायवर शंकरपाळ्याचा चुरा होता. काकांना पाच स्टिकर मिळाले होते. मी मागे उभी राहून बघत होते. एक चिकटवला लहान मुलांच्या झोपाळ्यावर, एक कुत्र्यांच्या मैदानावर, दोन स्केटिंगच्या जागेवर, एक क्रिकेटच्या पिचवर. चालायच्या रस्त्यालगत बाक हवेत का, असाही एक चौकोन होता. ज्या माणसाचे गुडघे जिना चढताना खालपर्यंत ऐकू येतात, त्याने तो चौकोन सोडला. विचारलं तर म्हणाले, "माझ्यासाठी गेलो होतो का? गल्लीसाठी गेलो होतो."

ही त्यांची खोडच होती, आणि हिवाळ्यात तर मला संताप यायचा. बर्फ काढणारी मोठी गाडी रस्ता साफ करते आणि जाताना प्रत्येकाच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बर्फाचा घट्ट ढीग टाकून जाते. काका त्याला बांध म्हणायचे. "घातला पाहा बांध!" म्हाताऱ्या माणसांसाठी तो बांध काढून द्यायची महापालिकेची सोय होती, फक्त नाव नोंदवावं लागायचं. काकांनी ऑक्टोबरमध्ये दारोदार फिरून नावं नोंदवली. पोर्तुगीज आजीचं, समोरच्या श्रीलंकन जोडप्याचं, कोपऱ्यावरच्या त्या सदैव चिडलेल्या गृहस्थाचंसुद्धा. आणि स्वतःचं?

"माझं कावून? मी काय म्हातारा आहे?"

"एकोणऐंशी, काका! आजी तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे!"

"तिला कोणी नाही बिचारीला."

झालं. आजीचा ड्राइव्हवे मशीनने लखलखीत, आणि शेजारी हे फावडं घेऊन धापा टाकतायत. मशीनवाला थांबून विचारायचा, तुमचाही काढू का? हे हात उडवून, "गो, गो, पीपल आर वेटिंग!" मग मीच बूट चढवून जायची आणि शिव्या घालत शोव्हल करायची. शिव्या मराठीत, त्यामुळे गल्लीत माझं नाव चांगलं होतं.

जूनमध्ये गल्लीचा मेळावा असायचा बागेत. महापालिका टेबलं द्यायची, कणसं भाजली जायची, सगळ्यांनी शर्टावर नावाचं लेबल लावायचं. काकांनी नावाच्या जागी 'रेसिडेंट' लिहिलं. आणि मग एकाला दंडाला धरून दुसऱ्याकडे, "यू लिव्ह सेम स्ट्रीट, नो ओळख? शेक हँड!" वर्षानुवर्षं एकमेकांकडे न बघता गाड्या काढणारी माणसं त्यांनी अशी जोडून दिली. स्वतः कणीस खाल्लं नाही. कणसं कमी पडतील म्हणाले. एवढाली पोती होती तिथे!

तर असा हा माणूस. आणि त्याच्या स्टॉपच्या खांबावर नोव्हेंबरमध्ये एक पिवळा कागद लागला.

कागदावर लिहिलं होतं की हा स्टॉप काढण्याचा प्रस्ताव आहे, पुढचा स्टॉप जवळच असल्यामुळे. रहिवाशांनी आपलं म्हणणं कळवावं, अमुक दिवशी कम्युनिटी सेंटरमध्ये बैठक. 'जवळच' म्हणजे माझ्या पायांनी सहा मिनिटं. काकांच्या पायांनी, मोठा रस्ता ओलांडून, बर्फात, किती ते देव जाणे. आठ दहाची बस चुकली की दुसरी अर्ध्या तासाने, मग पुढे बदलायची बसही चुकणार, आणि काका पोचेपर्यंत काकूंचा ट्रे परत गेलेला, काकू उपाशी.

रविवारी कॅलगरीहून, विमानानेही चार तासांच्या त्या गावाहून, काकांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मी वर चहाला होते. मुलगा म्हणाला, "डॅड, जस्ट टेक अ कॅब, ओके?" काका म्हणाले, "ओके, ओके." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "टॅक्सीतून उतरून बायकोला भेटू? पाहुणा आहो का मी?" मी म्हटलं, मी तुम्हाला घेऊन जात जाईन. म्हणाले, "तुझी नोकरी आहे. तू आपलं ते भाषण टाइप करून दे."

भाषण मी टाइप केलं. त्यात पोर्तुगीज आजी चर्चला कशी जाते, हायस्कूलच्या मुली, मुलं सांभाळायला येणाऱ्या बायका, हिवाळ्यातले फुटपाथ, सगळं सगळं होतं. शेवटी विचारलं, "आणि तुमचं? काकूंचं?"

"गल्लीचं लिहून राहिलो ना आपण?"

मी तेवढंच छापून दिलं. माझी चूक. तिथेच भांडायला हवं होतं.

बैठकीला पंधरा-वीस माणसं होती. कॉफी, बिस्किटं, प्लास्टिकच्या खुर्च्या. काका टाय लावून उभे राहिले आणि उत्तम बोलले, खोटं कशाला सांगू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे बसलेली अधिकारी बाई तरुण होती, मवाळ होती. तिने समोरचा कागद बघितला आणि म्हणाली, "थँक यू सर. आमच्या नोंदीप्रमाणे सकाळी या स्टॉपवर बहुतेक दिवस एकच प्रवासी चढतो. त्या प्रवाशाला जर चालायला अडचण असेल, तर आम्हाला ते समजून घ्यायला आवडेल. सर, इज दॅट यू?"

आता हिने आणखी काय करायचं होतं हो? दोर टाकला होता बाईने, धरायचा फक्त बाकी होता. मी खुर्चीच्या टोकावर आले.

आणि काका हसून म्हणाले, "मी? नो, नो. माय सन ड्रॉप्स मी. आय अ‍ॅम हिअर ओन्ली फॉर द रेसिडेंट्स."

बाईने मान डोलावली आणि काहीतरी लिहिलं. माझ्या डोक्यात एकदम जाळ झाला. कॅलगरीचा मुलगा यांना सोडतो! मला ठाऊक आहे हे आपल्याकडचं सगळं. कुणी विचारलं जेवलात का, तर भूक लागलेली असताना 'हो हो, आत्ताच' म्हणायचं. पहिल्या वाढण्याला 'नको' म्हणायचं. पण आपल्याकडे दुसऱ्यांदा आग्रह करतात! इथे एकदा विचारतात, 'नो' म्हटलं की खरं मानतात, आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारतात. ते पुकारलंही.

मी उठले. माझं नाव यादीत नव्हतं. मी म्हटलं, हे खोटं बोलतायत. तो एक प्रवासी हेच आहेत. मग काकूंचं सांगितलं, आठ दहाच्या बसचं, नऊच्या नाश्त्याचं, मिटलेल्या तोंडाचं, चमच्याचं. रागाने माझं इंग्रजी तुटत होतं, अर्धी वाक्यं मराठीत गेली असतील. पोर्तुगीज आजीने छातीवर क्रूस काढला.

"सर?" अधिकारी बाई हळूच म्हणाली.

काकांनी भाषणाच्या कागदाची घडी घातली, पुन्हा घातली. "शी इज माय टेनंट," म्हणाले. "व्हेरी इमोशनल गर्ल."

घरी येताना ते पुढे, मी मागे. दाराशी आल्यावर वळले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"चार लोकांत माझी बायको काढली तू. तिचा घास काढला."

"मग काय करायचं होतं? स्टॉप जाऊ द्यायचा होता?"

"भीक मागायला गेलो होतो का मी?"

"भीक कसली! हक्क आहे तुमचा तो, काका!"

"हक्क दुसऱ्यासाठी मागायचा असते. आपल्यासाठी मागितला की त्याची भीक होते."

"हे कुठल्या शाळेत शिकवतात हो?" मी ओरडले. दार लागलं होतं.

तीन आठवड्यांनी पिवळा कागद निघाला. स्टॉप राहिला. पोर्तुगीज आजीने मला केक आणून दिला. वरून ना हाक, ना पुणेकर, ना निळा डबा. मी मुद्दाम दह्याचा डबा न धुता निळ्यात टाकून बघितला. काही नाही.

बेसमेंटच्या खिडकीतून माणसांचे फक्त पाय दिसतात. काकांचे बूट मी लाखांत ओळखले असते, टाचेला काळी चिकटपट्टी लावलेले. स्टॉप राहिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते बूट पायऱ्या उतरले, फाटकाशी थांबले, आणि उजवीकडे वळले. स्टॉप डावीकडे! मी खिडकीला नाक लावून बघत राहिले. बूट तसेच उजवीकडे, मोठ्या रस्त्याकडे, पुढच्या स्टॉपकडे गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. जो स्टॉप वाचवला, त्याच्याकडे पाठ करून हा माणूस बर्फातून चालत जातोय! निघायचे वीस मिनिटं आधी, पण त्यांच्या चालीचा भरवसा काय? हट्टी तरी किती असावं माणसाने! मी रोज चडफडायची. आणि खरं सांगते, मला भयंकर अपराधीही वाटायचं. वर दुपारची पावलं थांबायचं नाव घेत नव्हती.

जानेवारीच्या शेवटी मला केअर होममधून फोन आला. अडीअडचणीला म्हणून माझा नंबर काकांनी तिथे कधीतरी दिला होता. नर्स पंजाबी, हिंदीत बोलली. "अंकलजी आजकल लेट आते हैं. ट्रे चली जाती है. आंटीजी का वज़न गिर रहा है. उनसे कहिए ना, नौ बजे आ जाया करें." तिने अंकलजींनाही सांगितलं होतं. ते 'ओके ओके' म्हणाले होते.

मी वर गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. काकू उपाशी राहतायत तुमच्या मानापायी. मान तुमचा आणि पोट तिचं! ज्या गल्लीसाठी मरमर करता, त्या गल्लीत तुम्ही राहत नाही का? मशीन सगळ्यांसाठी, स्टॉप सगळ्यांसाठी, आणि तुम्ही कोण, वरून पडलात? ते खिडकीकडे तोंड करून उभे होते. चालत नव्हते. मला वाटलं आता उत्तर येईल, काहीतरी म्हण येईल. ते फक्त म्हणाले, "खाली जा तू आता." मी खाली आले आणि उशीत तोंड खुपसून पडले. माझ्या आजोबांच्या वयाच्या माणसाशी मी असं बोलले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पाऊस, तोही बर्फ होऊन गोठणारा. सगळ्या रस्त्यावर काच ओतल्यासारखी. शाळांच्या बस रद्द झाल्या होत्या. मी लॅपटॉप उघडून बसले होते, आठला पाच कमी होते, आणि बेसमेंटचं दार वाजलं. अडीच वर्षांत ते कधी खाली आले नव्हते. हाक मारायचे.

दारात कोट, टोपी, मफलर घालून उभे. आधी बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या गाडीबद्दल बोलायला लागले. गाडी अजून आली नाही, फोन केला होता, टोकन दिलं आहे, पलीकडच्या गल्लीत एकजण पडला म्हणे. मग एकदम थांबले. कठडा दोन्ही हातांनी धरला.

"मले भेव वाटून राहिलं," म्हणाले.

'मला' म्हणणारा माणूस. पन्नास वर्षं इथे काढलेला इंजिनियर, सूट घालून बैठकांना जाणारा. 'मले' त्यांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नव्हतं. ते त्यांच्या आईच्या घरातलं बोलणं असणार.

"मले स्टॉपपर्यंत पोचवून दे. हात धरून. एकट्यानं नाही जमत मले."

त्या बोलण्यात गल्ली कुठेही नव्हती. माझी आठची मीटिंग होती, ती गेली खड्ड्यात. मी बूट चढवले, त्यांचा हात काखेत घेतला आणि आम्ही पायऱ्या चढलो. फाटकाशी ते थांबले. मी ओढलं नाही. ते डावीकडे वळले.

चाळीस पावलांना दहा मिनिटं लागली. दोनदा आम्ही दोघंही घसरलो आणि एकमेकांना धरून राहिलो. त्यांनी माझा हात असा आवळला होता की नंतर बोटांचे वळ दिसत होते. बस उशिरा आली, पण आली. ड्रायव्हरने त्यांना बघून बस दाराच्या बाजूने खाली झुकवली. एरवी अशा वेळी ते हात उडवून 'नो, नो' म्हणायचे म्हणे. त्या दिवशी म्हणाले, "थँक यू. प्लीज वेट. आय अ‍ॅम स्लो." ड्रायव्हर थांबला. ते चढून बसेपर्यंत थांबला.

मी परत येऊन लॅपटॉपसमोर बसले, पण लक्ष कुठलं लागतंय? घड्याळ बघत होते. नऊ. सव्वानऊ. साडेनऊला ट्रे जातो. नऊ चाळीस. बस अडकली असेल, पडले असतील, काय काय मनात येत होतं. पावणेदहाला फोन वाजला. केअर होमचा नंबर.

"पुणेकर?" पलीकडून ओरडणंच ते, फोनवर त्यांना हळू बोलताच यायचं नाही. "खाल्लं तिनं!"

"काका, ट्रे..."

"मी फोन करून सांगितलं होतं ना निघायच्या आधी! म्हटलं, ट्रे ठेवा, मी येऊन राहिलो, मले उशीर होईल! ठेवला त्यांनी. अख्खी वाटी खाल्ली." मग आवाज एकदम खाली आला, इतका की मला फोन कानावर दाबावा लागला. "आणि ऐक. वाटी संपली तं माझा हात धरला तिनं. 'अजून दे,' म्हणे."